पडद्यावरचा ‘संपवा’

नव्वदच्या दशकात धुळ्यात एका संगणकवाल्याकडे मी मराठी सुधारायला होतो. मालक सहकारी संस्थांसाठी प्रोग्राम बनवायचे आणि सोबतची माहितीपुस्तिका इंग्रजीवरून स्वतःच मराठीत उतरवायचे. काय ते मराठी! ‘कोणतीही किल्ली मारा’ म्हणे. ते मी ‘कोणतंही बटण दाबा’ केलं. दुरुस्त्या दाखवल्या की मालक म्हणायचे, “अहो, शब्द काय चाटायचेत? प्रोग्राम पळतोय ना!” डोकं फिरायचं माझं.

एकदा भडगावजवळच्या केळी संस्थेतून निरोप आला, रोज भरलेल्या नोंदी सकाळी गायब असतात. कोणाची बाग कधी कापायची ते त्यात असे. त्यामुळे ट्रक भलत्याच शेतात जाऊन उभे राहत आणि इकडे तयार केळी झाडावरच पिकून जात. नोंदी भरणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. मॅट्रिक झालेल्या अक्का कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या शेतांत निंदून मग या खुर्चीत आल्या होत्या. आता चेअरमन आबा त्यांना काढायला निघाले होते, म्हणजे पुन्हा हातात खुरपं. मालक मला म्हणाले, “बाईचीच चूक असणार. जाऊन तसं लिहून आणा.” मला रागच आला.

एसटीने गेलो, दिवसभर अक्कांच्या शेजारी बसलो. काम एकदम चोख. दिवेलागणीला त्यांनी पडद्याला नमस्कार केला आणि थेट भिंतीवरचं बटण बंद केलं.

“अहो अक्का, आधी ‘संपवा’ निवडायचं ना! त्याशिवाय नोंदी राहत नाहीत. पुस्तिकेत लिहिलंय.”

“वाचेल शे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पन दिवा लावाना टाइमले ‘संपवा’ कशी म्हनू? लोकेसन्या बागा उभ्या शेतस.”

आमच्या घरीही डबा रिकामा झाला तरी पीठ संपलं असं कोणी म्हणत नसे. मी मशीन परत सुरू केलं, अक्कांनी दोन-चार नोंदी पुन्हा भरल्या आणि मी आबांना बोलावून सगळं सांगितलं.

आबा खो खो हसले. “हात्तिच्या! एवढ्यासाठी लोकांचा माल नासवला? सरका, मी दाखवतो.”

ते खुर्चीत बसले. बाहेर ओट्यावर शेतकरी आपला नंबर कधी लागतो ते विचारायला थांबले होते. आबांनी ‘संपवा’च्या बटणावर बोट नेलं. एकदा बाहेर पाहिलं. बोट काही खाली जाईना.

“भाऊ,” ते मला म्हणाले, “हा शब्द पहिले बदलून द्या.”

मी तिथेच पुस्तिकेतला शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘आजच्या नोंदी जपून ठेवा’. पडद्यावरचाही बदलून देतो म्हणालो. आबा उठले, खुर्ची अक्कांकडे सरकवली.

“उद्या लवकर या, अक्का. बठ्ठं पहिलेपासून परत भरनं शे.”