वॉल वाकवून बघणारे मामा

बाळाराम मामांनी पहिल्या भेटीत मला शिवी दिली नाही, एवढंच. माझ्या मोटारसायकलचं पुढचं चाक रोज सकाळी बसलेलं असायचं. मी भिवंडीजवळ पूर्ण्याला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर, आणि गेटला लागूनच मामांची पंक्चरची टपरी. एके दिवशी गाडी लावली, खाली वाकलो, बोटावर थुंकी घेतली आणि हवा भरायच्या वॉलच्या तोंडाला लावली. हवा जात असेल तर फुगा येतो. आपल्याकडे सगळे असंच बघतात. मामा हातातलं टायर ठेवून उठले. म्हणाले, "पुसा आदी ती. फडका तिथं हाय. तुमच्या तोंडातलं मी हातानं चिवडू काय?"

पंक्चरवाल्याला किळस यावी याचं मला हसू आलं. या भिवंडीत माणसं बोलता बोलता थुंकतात, वाट बघताना थुंकतात, चालत्या गाडीवरून मागे न बघता थुंकतात. आमच्या गोडाऊनच्या जिन्यात भिंतीचा मूळ रंग कोणता होता हे आता कुणाला सांगता येणार नाही. आणि हा कोपरापर्यंत काळा झालेला साठीचा माणूस स्टीलच्या वाटीत साबणाचं पाणी आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन बसलेला.

त्यांनी ब्रश वॉलच्या तोंडाला लावला. काही नाही. "आतली पिन ठीक हाय," म्हणाले. मग अंगठ्याने वॉल हळूच एका बाजूला वाकवला आणि रिममधून तो जिथे बाहेर येतो तिथे ब्रश फिरवला. बुडबुड्यांचा घोस उठला. "बगा. तोंडाशी चांगला, मुळात चिरलेला. उभ्या गाडीला हळूहळू हवा सोडतो. रस्त्यात कवा फाटंल, त्याचा नेम न्हाय." मग चाक उतरवणं, टायरची कड सोडवणं, जुना वॉल कापून नवा ओढून बसवणं, सगळं सावकाश. मी चारदा घड्याळ पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "घाई आसंल तर नुसती हवा भरतो. पन मंग बाळारामनं वॉल केला असं कुनाला सांगू नका."

नंतर कळलं की आमचं गोडाऊन उभं आहे ती जमीन त्यांच्याच भावकीची. भाताची शेतं होती. ती गेली, मुलांनी बंगला बांधला, त्याला सोनेरी रंगाचं फाटक लावलं. बाप गेटवर पंक्चर काढतो याची मुलांना लाज वाटे. मामांना बंगल्याची वाटे. "दिवसभर सोफ्यावं बसून पोट सुटलेल्या मानसांची मना किळस येते," म्हणायचे. किळस हा त्यांचा लाडका शब्द होता. अर्धवट आवळलेल्या नटाची किळस, एका पंक्चरची तीन करणाऱ्यांची किळस, 'चलता है' म्हणणाऱ्यांची तर फारच. मला त्यांच्याजवळ चहा प्यायला आवडायचं. त्या परिसरात काम नीट करण्याबद्दल बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

हे सगळं मी जिव्हाळ्याने सांगतो आहे, पण तो हक्क मला राहिलेला नाही. आता तेही सांगतो.

दिवाळीच्या आधीची गर्दी होती. पार्सलं छतापर्यंत रचलेली, आणि वरून दर तासाला फोन. सुदाम नावाचा आमचा एक रायडर होता, गणेशपुरीच्या अलीकडच्या गावचा, दोन मुलींचा बाप. त्याची गाडी मामांनी उभी करून ठेवली. वॉल मुळात चिरला होता आणि मामांकडचे नवे वॉल संपले होते. "कल्याण नाक्यावरून आनवतो. दीड तास द्या," ते म्हणाले.

दीड तास माझ्याकडे नव्हता. मी बाहेर आलो, वाकलो, आणि मामांच्या डोळ्यांदेखत बोटावर थुंकी घेऊन पिनेला लावली. फुगा आला नाही. "काही नाहीये याला. हवा मारून जा रे सुदाम," मी म्हणालो. मामा म्हणाले, "साहेब, वाकवून बगा." मी बघितलं नाही. सुदामने एकदा मामांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तो पाठीवर पिशवी चढवून गेला. त्याला पगार मामा देत नव्हते.

पुलाच्या उतारावर वॉल फाटला. पुढचं चाक एकदम बसलं आणि तो कठड्यावर जाऊन आदळला. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला.

कंपनीचा विमा होता, पण त्यासाठी अपघाताचा अहवाल मी लिहायचा होता. कारणाच्या रकान्यात मॅनेजरने सांगितलं ते मी लिहिलं: 'रायडरने वाहनाची देखभाल केली नव्हती.' एक ओळ. अक्षरही छान आलं होतं. त्या ओळीवर सुदामचा विमा नाकारला गेला आणि पुढची दोन ऑपरेशनं अडकली.

मामा तो फाटलेला वॉल कागदात गुंडाळून ऑफिसात आले. टेबलावर ठेवला. "मी सांगितलं हुतं, तुमी धाडलात. तसं लिवा."

"मामा, माझी नोकरी जाईल."

"जाईल," ते म्हणाले. खाली जाऊन त्यांनी स्वतःच्या सहीने सगळं लिहून मॅनेजरकडे दिलं. पंक्चरवाल्याच्या कागदाला कोण विचारतो? आठवड्याभरात सुरक्षेचं कारण सांगून गेटजवळची टपरी हटवली. ज्या जमिनीवर त्यांच्या बापाने भात लावला तिथून त्यांना उठवलं, आणि त्या नोटिशीवरही सही माझीच होती. या सगळ्याची मला शिसारी येते, आणि सगळ्यात जास्त माझ्या सुबक अक्षराची.

आता ते रस्त्यापलीकडे बसतात. गेल्या महिन्यात माझ्या मागच्या चाकाची हवा उतरायला लागली. दुसरीकडे जाता आलं असतं. का कोण जाणे, त्यांच्याकडेच गेलो. वाटलं, हाकलतील. ते उठले, चाक उतरवलं, नवा वॉल बसवला, चारी बाजूंनी तपासला. त्या कामात तसूभर कसर नव्हती. मी म्हणालो, "मामा, काहीतरी बोला."

"गाडी तयार हाय."

"तसं नाही."

त्यांनी फडक्याला हात पुसले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "त्याचा पाय अजून वाकडाच हाय. मोठी पोर शाळा सोडून कामाला लागली. तुमचा कागद अजून बदलता येतो, वकिलाला इचारलंय मी. सुदामच्या घरी जा, त्याला सांगा की मी खोटं लिवलं. मंग या माज्याशी बोलायला."

सुदामचं घर इथून पाऊण तासावर आहे. गाडी उत्तम चालते, हवा जराही उतरत नाही. मी अजून गेलेलो नाही.