पत्र्यावरचे दोन ठोके

ओढ्यापलीकडे लाकूड कापायची गिरणी सुरू झाली, नवरा तिथं करवतीवर लागला आणि तिच्या जिवाला घोर लागला. करवतीची घरघर थेट स्वयंपाकघरात यायची. ती चालू असली की बाई निर्धास्त. मध्येच थांबली की काळजात धस्स! गेलं एखादं बोट!

शेवटी तिनं त्याला बजावलं, "करवत थांबवलीत की पत्र्यावर दोन ठोके मारायचे. नाहीतर मी तिथंच येऊन बसेन." गिरणीतले सगळे फिदीफिदी हसले, पण ठोके कधी चुकले नाहीत.

दीड वर्षानं एका दुपारी आवाज थांबला. ठोके नाहीत. पिठानं भरलेल्या हातांनीच ती अनवाणी धावत सुटली.

नवरा ओंडक्यावर बसला होता. तिनं त्याचे हात ओढून बोटं मोजली. दहाच्या दहा.

"जीव घ्याल का माझा? ठोके कुठं गेले?"

"मालकानं गिरणीच बंद केली. आसपास कापण्याजोगं झाड उरलं नाही म्हणे. ठोक्यांचं भानच राहिलं नाही."

"बोटं शाबूत आहेत ना? मग झालं तर!"

पीठ लागून पांढऱ्या झालेल्या बोटांकडे तो बघत राहिला.

"आहेत की," तो म्हणाला, "पण आता यांना काम कोण देणार?"