कोऱ्या पंचनाम्यावरची सही

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. बायकोला सांगितली होती, पण अर्धीच, आणि तीही माझी बाजू बरी दिसेल अशी. खड्ड्यात गाडी मोडली म्हणून कुणाला नगरपरिषदेकडून भरपाई मिळाल्याची बातमी हल्ली पेपरात येते, तेव्हा मी पान उलटतो. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तपासून जे सांगितलं, त्यानंतर आणखी टाळण्यात अर्थ उरला नाही.

नगरपरिषद कोणती हे लिहीत नाही. आमच्या रायगडात तशा बऱ्याच आहेत.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. निवृत्तीनंतरच्या एका श्रावणात मी वडखळच्या नाक्यावर पावसात उभा होतो. एक मिनीडोर, आमच्याकडची सहा आसनी रिक्षा, थांबली. चालवणारा माझाच जुना विद्यार्थी, खाडीकाठच्या गावातला. त्याच्या घरचे मिठागरात राबलेले, याने कर्ज काढून गाडी घेतली होती. मागे सहा माणसं बसलेली, म्हणजे परवान्याएवढी पुरी भरलेली. तरी तो म्हणाला, "गुरुजी, भिजताय कशाला? पुढं या माझ्याजवळ." आणि स्वतः अर्धा बाहेर सरकून त्याने मला जागा करून दिली. आमच्याकडे ओळखीच्या माणसाला मिनीडोरवाला असा पुढे घेतोच. नाही घेतलं तर तो शिष्ट ठरतो.

आमच्या गावाच्या वेशीत शिरताना पुढचं चाक पाण्यात गेलं. ते नुसतं पाणी नव्हतं. चाक गेलं ते गेलंच, गाडी एका अंगावर कलली, आणि समोरून येणारा ट्रक माझ्या तोंडासमोर येऊन थांबला. त्याचे दिवे अजून मला दिसतात. मागे बायका किंचाळत होत्या. माझा गुडघा पत्र्यावर आपटला होता, पण मला ओरडताही येईना. जीव कुणाचा गेला नाही. गाडीचं पुढचं सगळं मोडलं. मिनीडोरवाल्याने खड्ड्यात काठी घालून पाहिली, ती मांडीपर्यंत आत गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याने भरपाईसाठी नगरपरिषदेत अर्ज केला. लोक हसले. चहावाला म्हणाला, "खड्ड्याचे पैसे मागतोस? मग आमच्या कंबरेचे पन माग ना!" तरी त्याने अर्ज केला, कारण गाडी दुरुस्त झाल्याशिवाय हप्ता जाणार नव्हता.

तीन दिवसांनी बांधकाम विभागाचा कारकून पाहणीला आला. खड्डा तसाच होता, पाण्याने भरलेला. पंच म्हणून त्याने मलाच बोलावलं. मी त्या गाडीत होतो का, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गावात पंचनामा कसलाही असो, आगीचा, चोरीचा, विहिरीत पडलेल्या माणसाचा, सही गुरुजींची. मला त्याचा अभिमान होता. पाऊस लागला होता. कारकून म्हणाला, "गुरुजी, हितं लिहीत बसलो तर कागद भिजंल. खाली सही करून ठेवा, ऑफिसात नीट लिहितो." अशा कोऱ्या कागदांवर मी आधीही सह्या केल्या होत्या. सगळेच करतात. मी केली.

मिनीडोरवाला बाजूलाच उभा होता. तो खूश झाला. "गुरुजी पंच हायत म्हंजे काळजी नाय."

मग महिनाभर काही नाही. खड्डा खडी टाकून बुजवला गेला. अर्जाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो कारकून माझ्या घरी आला. चहा घेतला. मग अंगणात जाऊन मागच्या बाजूला काढलेल्या खोलीकडे बघत उभा राहिला. ती खोली आम्ही बायकोच्या आजारपणात बांधली होती, परवानगी न घेता.

"चांगली बांधलीय," तो म्हणाला. "नोटीस निघाली व्हती हिची. मीच फाइल खाली ठेवलीय. उद्या तुमाला फक्त एवढंच विचारतील, पंचनामा बरोबर हाय का. व्हय म्हणायचं."

"त्यात काय लिहिलंय?"

"तुमी पंच. तुमाला म्हायती नाय?" आणि तो हसला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गेटची कडी वाजली की मी उठून बघायचो. बायकोला बिछान्यासकट बाहेर काढलंय आणि भिंतीवर घण पडतोय, असं डोळ्यांसमोर येत राहिलं. आज वाटतं, एवढं भिण्यासारखं काही नव्हतं. दंड भरून काम भागलं असतं. पण भीतीला हे कोण सांगणार? मी कुणाला विचारलंही नाही.

सुनावणीत मुख्याधिकाऱ्यांनी पंचनामा वाचून दाखवला. रस्ता सुस्थितीत, खड्डा आढळला नाही. वाहनात परवान्यापेक्षा जास्त प्रवासी, त्या भाराने नुकसान झाल्याचे दिसते. खाली माझी सही, माझं वळणदार अक्षर.

मिनीडोरवाल्याने मोबाइलमधले फोटो दाखवले. कारकून म्हणाला, "साहेब, ह्यात नुसतं पाणी दिसतंय. कुठलं पन डबकं आसंल."

साहेब माझ्याकडे वळले. "गुरुजी, पंचनामा बरोबर आहे?"

मिनीडोरवाला माझ्याकडे बघत होता, वर्गात उत्तर येत असताना बघायचा तसा, निश्चिंत.

मी "हो" म्हणालो.

त्याच्या चेहऱ्याकडे मी नंतर पाहिलं नाही. साहेबांनी त्याला विचारलं, "जास्तीचा प्रवासी कोण होता? होता की नव्हता?"

आता तो बोट दाखवणार, म्हणून मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"व्हता एक जण," तो म्हणाला. "म्हातारा मानूस. पावसात उभा व्हता, घेतला."

"नाव?"

"नाय म्हायती साहेब."

अर्ज फेटाळला गेला. त्याच्याच कबुलीवर जास्त प्रवासी घेतल्याचा कागद परिवहन कार्यालयात गेला आणि परवाना निलंबित झाला. मोडकी गाडी त्याने भंगारात दिली, आणि बायकोमुलांना घेऊन रोह्याला एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला लागला. माझ्या खोलीची नोटीस कधीच आली नाही.

दोन वर्षांनी मी पेणहून पॅसेंजर धरून रोह्याला गेलो. कुणाकडून तरी पत्ता काढला होता. गाडीत सगळा वेळ वाटत होतं, तो दारातून हाकलून देईल. कुंडलिकेवरच्या पुलाशी दोनदा मागे फिरलो. शेवटी दार त्याच्या बायकोने उघडलं. आतून त्याचा आवाज आला, "कोन आलंय गो?" तो बाहेर आला. पहिल्या पाळीवरून नुकताच आलेला, हडकलेला, खोकत होता.

"गुरुजी! वाट चुकलात काय?"

"इकडे एका लग्नाला आलो होतो," मी म्हणालो.

"आता पितृपक्षात लगीन?" तो जोरात हसला. "कोनाचं, गुरुजी?"

मी चप्पल काढायला वाकलो. त्याने पुन्हा विचारलं नाही. बायकोला चहा ठेवायला सांगितला. मुलांना माझ्या पाया पडायला लावलं. ती वाकली तेव्हा मी पाय मागे घेतले. त्याने पाहिलं असावं, कारण नंतर तो स्टेशनवर सोडायला एकटाच आला. मी नको म्हणत होतो. मला त्याच्याबरोबर एकटं राहायचं नव्हतं.

फलाटावर बाकावर बसलो. तो म्हणाला, "गुरुजी, कायतरी बोलायला आलावता ना? बोला. मी काय बोलनार नाय."

गाडी लागली. मी डब्यात चढलो, दाराशी उभा राहिलो. तो खाली, खिडकीचा गज धरून. गाडी हलली तसा दोन पावलं बरोबर चालला. मी म्हणालो, "खोकल्याला औषध घे."

त्याला भेटलो तो शेवटचाच. आता तो नाही. पुढच्याच पावसाळ्यात त्याच खोकल्याने गेला. मी त्याच्या दिवसकार्यालाही गेलो नाही, त्याच्या बायकोने विचारलं तर काय सांगू या धास्तीने. त्या दिवशी फलाटावर म्हणायचं होतं ते एवढंच: बाळा, खड्डा होता, तो मी पाहिला होता. जास्तीचा प्रवासी मी होतो, हे तुला ठाऊक होतं आणि तू माझं नाव घेतलं नाहीस. मी भ्यालो आणि खोटं बोललो. मला माफ कर.