स, ला, ते आणि आमचा ले

उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग ही म्हण आमच्या घरात फक्त माझ्यासाठी राखून ठेवलेली आहे. नवीन काही कानावर आलं की ते वापरून पाहिल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. त्यामुळे आमच्या अकोल्याच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी इंटरनेटवाला, बोटांनी चालणारा भलामोठा टीव्ही दिला आणि तो चक्क माझ्या वर्गात लागला, तेव्हा मला मैदानात जाऊन फुगडी घालावीशी वाटली. जोडीला कोणी तयार होईना, म्हणून राहिलं.

माझा वर्ग म्हणजे आठवी ब. आता शाळेतला 'ब' काय असतो ते ज्यांनी शाळा पाहिली त्यांना सांगायला नको. नवे बाक आले की 'अ'ला, पंखे आले की 'अ'ला, आणि तिथले जुने उतरले की आम्हाला. टीव्हीही 'अ'साठीच आला होता. पण त्यांच्या भिंतीला ओल आलेली, गिलावा पडत होता, म्हणून भिंत दुरुस्त होईपर्यंत तो आमच्याकडे टांगला. 'अ'चे वर्गशिक्षक गणिताचे. ते मधल्या सुट्टीत मोजपट्टी घेऊन येत, टीव्ही मोजत आणि मला म्हणत, "मॅडम, मराठीले कायले लागते टीव्ही? धडा वाचा, अर्थ सांगा, झालं." मी हसून दाखवायची. मनात मात्र असं काही यायचं की ते इथे लिहिता येणार नाही.

मी सरळ मुख्याध्यापकांकडे गेले. आमचे हेडसर निवृत्तीला आलेले, सगळी हयात मराठीचं व्याकरण शिकवण्यात गेलेली. त्यांचं बोलणं म्हणजे छापील पुस्तक. शिपायाला पाणी मागायचं तरी "कृपया जल आणता का" असं म्हणतील अशी त्यांची ख्याती. मी म्हटलं, "सर, टीव्ही 'ब'तच राहू द्या. एकदा तरी काही पहिल्यांदा आमच्या पोरांना मिळू द्या." ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "भावना समजते. परंतु उपयोग सिद्ध करावा लागेल. भिंत पूर्ण होताच शनिवारी मी स्वतः आपल्या वर्गात येईन. पाहीन आणि निर्णय देईन." मी वर्गात येऊन हे सांगितलं. पोरांनी वर टीव्हीकडे बघितलं. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, टीव्ही जाऊ द्याचा नाई." झालं, घोडामैदान जवळच होतं.

मी बडनेऱ्याला राहते आणि रोज रेल्वेनं अकोल्याला अप-डाऊन करते. अमरावतीला झालेल्या एका प्रशिक्षणात ऑनलाइन साधनांची नावं भराभर सांगितली होती, त्यातली निम्मी लिहून घेईपर्यंत चहा आला होता. आता मी गाडीत खिडकी धरून बसायची आणि एकेक साधन मोबाइलवर उघडून बघायची. नावांची चकरी फिरवणारं, प्रश्नमंजुषा घेणारं, नकाशावर उडी मारत नेणारं. मुर्तिजापूर कधी आलं आणि कधी गेलं ते कळायचं नाही. एके दिवशी सापडला तो सगळ्यांचा राजा: तुम्ही बोलायचं आणि ते मराठीत लिहिणार! मला तर उकळ्या फुटल्या. तोंड फोनजवळ नेऊन मी घरी बोलते तशीच बोलले, "मले उद्या शाळेत हे दाखवाचं हाये."

पडद्यावर उमटलं, मेले उद्या शाळेत हे दाखवाचं हाय.

पुन्हा म्हटलं, "मले." मेले. जरा दमात घेऊन म्हटलं, "मले, मले, मले!" मेले मेले मेले. शेजारी एक बँकेतल्या बाई बसायच्या, रोजच्या ओळखीच्या. त्यांची नजर माझ्या फोनवर पडली आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. "माय वं! कोण मेले हो? इतके?" समोरच्या बाकावरचे एक चाचा कपड्याचे गठ्ठे घेऊन अकोल्याच्या बाजाराला निघाले होते, त्यांनी हातातली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. "लो बेटा, पानी पियो. अल्ला सबर दे." मला हसू आवरेना, आणि मी हसते आहे हे पाहून त्या बाईंना वाटलं, धक्क्यानंच हिचं डोकं फिरलं. खरं काय ते सांगितलं, तेव्हा अख्खा डबा त्या फोनला वऱ्हाडी शिकवायला बसला. चाचांनी "मायच्यान" म्हणून शपथ घेतली. फोननं लिहिलं, माईक छान. अकोल्याला उतरताना माझं पोट दुखत होतं.

वर्गात पहिल्यांदा आणली ती चकरी. सगळ्या पोरांची नावं तिच्यावर, बोट लावलं की गरगर फिरणार, थांबेल त्यानं उत्तर द्यायचं. पोरं डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. पण चकरीचा जीव जडला होता एकाच मुलीवर. मधल्या रांगेतली, दोन घट्ट वेण्या, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. फिरवा, तिच्यावरच. पुन्हा फिरवा, पुन्हा तीच. शेवटी ती उठून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, या चकरीचं काय हाये माह्याशी? काल मी तिले नमस्कार बी केला." ही पोरगी लिहायला कंटाळायची, पण बोलायला लागली की लाह्या फुटल्यासारखी.

म्हणून बोलून लिहिणारं साधन मी तिच्याच हाती पहिल्यांदा दिलं. ती म्हणाली, "आमचे पोट्टे लय हुंदडून राह्यले." टीव्हीवर हातभर अक्षरांत आलं, आमचे पोते लय उंदीर राहिले. वर्ग बाकांवरून खाली आला. मग प्रत्येकाला खेळायचं होतं. काऊनचं कानून झालं, तुलेचं तुळे झालं, आणि मले जिथे जिथे आलं तिथे तिथे कोणी ना कोणी मेलं. शेजारच्या वर्गातून निरोप आला की जरा हळू मरा.

मला मात्र त्या हसण्यात घाम फुटला होता. शनिवारी हेडसरांसमोर, त्या छापील मराठीसमोर, अशी मढी पडली तर टीव्ही गेलाच म्हणून समजा. मी पोरांना स्पष्ट सांगितलं, "शनिवारपर्यंत शुद्ध बोलायचं. मला, तुला, त्याला. का, काऊन नाही." पोरांनी ते असं मनावर घेतलं की बोलता सोय नाही. कबड्डीत एकमेकांचे पाय ओढताना "मला सोड, कृपया मला सोड!" पाण्याच्या टाकीपाशी रांगेत, "तू का ढकलतोस रे मित्रा?" दोन वेण्यांवालीनं तर घरी वडिलांना "बाबा, आपण जेवलात का?" असं विचारलं. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शनिवारी सकाळी हेडसर आले. मागोमाग मोजपट्टीसकट गणिताचे सर. पोरं ताठ, केस चोपडलेले. चकरी फिरली, इमानदारीनं वेगवेगळ्या पोरांवर थांबली. प्रश्नमंजुषा झाली, पोरांनी फटाफट उत्तरं दिली. हेडसरांची मान हलत होती. दोन वेण्यांवालीनं टीव्हीच्या माईकशी जाऊन संथ आवाजात सांगितलं, "मला माझी शाळा फार आवडते," आणि ते काना-मात्रेसह तसंच उमटलं. पोरांनी श्वास सोडला. मीही.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हेडसरांना मोह झाला. ते पुढे आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "विद्यार्थिमित्रहो, मातृभाषेचे संवर्धन हे आपले आद्य कर्तव्य होय." पडदा कोरा. नेट माझ्या मोबाइलवरून जोडलेलं होतं आणि त्याच वेळी ते रुसलं. सर पुन्हा बोलले, जरा मोठ्यानं. कोरा. तिसऱ्यांदा बोलले. कोराच. त्यांच्या मानेची शीर फुगली आणि बाळापूरकडच्या त्यांच्या खेड्यातलं, किती वर्षं दाबून ठेवलेलं बोलणं एकदम बाहेर पडलं, "काऊन लिवत नाई बे हे? मले येडं समजते काय!"

नेट आलं. आद्य कर्तव्य वगैरे कुठच्या कुठे राहिलं. पडद्यावर मोठ्ठ्या अक्षरांत झळकलं,

कानून लिहीत नाही बे हे मेले वेडं समजते काय

मुलींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. मग कोणाला तरी उचकी लागली, आणि त्या एका उचकीनं बांध फुटला. पोरं हसली, म्हणजे अशी हसली की दोघं बाकाखाली गेली. हेडसरांचा चेहरा लालबुंद. गणिताच्या सरांनी मोजपट्टी उघडली. मी डोळे मिटले. गेला, माझ्या पोरांचा टीव्ही गेला, आणि गेला तोही हसण्यापायी. मला रडूच यायला लागलं होतं.

"सर," दोन वेण्यांवाली उभी राहिली होती. आठवडाभराचं शुद्ध बोलणं ती पार विसरून गेली होती. "तुमी नाई चुकले, सर. थ्या मशीनले 'ले' येत नाई."

"काय येत नाही?"

"ले. मले, तुले, त्याले मंधला. थे आमालेबी असंच मारते."

हेडसरांनी पडद्यावरचं वाक्य पुन्हा वाचलं. मग त्यांच्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला असावा, कारण त्यांनी सवयीनं बोट वर केलं. "द्वितीयेचे प्रत्यय?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "स, ला, ते! स, ला, ना, ते!"

"पाहा न सर," ती म्हणाली, "याच्यात आपला ले कुठी हाये? पुस्तकातच नाई तं थ्या गरिबाले कोण शिकवन?"

हेडसर टीव्हीकडे वळले. पाठमोरे होते, पण त्यांची बोटं हलताना मला दिसत होती. ते पुटपुटत होते, "मले... तुले... त्याले... पोराले... गावाले..." एकेक शब्द ते असे म्हणत होते जणू जिभेवर गूळ ठेवून बघताहेत. मग त्यांनी टीव्हीची पेनासारखी काडी उचलली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, स, ला, ते, ले. "बरं," ते म्हणाले, "आता हे 'काऊन' कुठून आलं असंल, कोण सांगते?"

हात वर! मी इतके हात त्या वर्गात कधी पाहिले नव्हते. तास संपल्याची घंटा झाली, कोणी उठलं नाही. पोरं शब्द आणत होती, सर ते लिहीत होते, मधेच मशीनला ऐकवत होते आणि त्यानं चुकीचं लिहिलं की पोरांच्या बरोबरीनं हसत होते. गणिताचे सर दाराशी उभे राहून आधी घड्याळ बघत होते. मग मोजपट्टी खिशात टाकून तेही म्हणाले, "सर, येड्याले आपण म्हणतो थे 'भैताड' लिवून पाहा बरं." मशीननं काय लिहिलं ते मला आता आठवत नाही. सगळ्यांत मोठ्यानं गणिताचे सर हसले, हे आठवतं.

निघताना हेडसर पुन्हा छापील झाले. "सदर यंत्र याच वर्गात राहील. इतर तुकड्यांना आवश्यकता भासल्यास त्यांनी येथे यावे." पोरांना पहिल्यांदा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा जो कल्ला झाला तो बहुधा रेल्वे स्टेशनपर्यंत गेला असेल. सर दारातून परत वळले, माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "अन् मॅडम, थे 'बे' वालं पुसून टाका बाप्पा."

सोमवारी आठवी 'अ' आमच्या दारात आली. इस्त्रीचे गणवेश, वह्यांना तपकिरी कव्हरं. 'अ'ची पोरं आमच्याकडे काही मागायला आली आहेत, हे दृश्य मी नोकरीत पहिल्यांदा बघत होते, आणि बघण्याच्या नादात "या" म्हणायचंच राहून गेलं. आमची पोरं मात्र पाहुणे आल्यासारखी धावली, बाक पुसले, जागा करून दिल्या. 'अ'चा पहिल्या नंबरचा मुलगा माईकशी गेला आणि एक लांबलचक वाक्य बोलला. मशीननं ते जसंच्या तसं उतरवलं. एकही चूक नाही. आमच्या पोरांचे चेहरे पडले. "हट्, याच्यात काय मजा?" कोणीतरी म्हणालं.

तो पोरगा तिथेच घुटमळला. माझ्याकडे बघितलं, आपल्या वर्गाकडे बघितलं, मग दोन वेण्यांवालीजवळ वाकून अगदी दबक्या आवाजात त्यानं विचारलं, "आपण घरी बोलतो तसं बोललं तं चालते काय?"

बाकावर सरकून तिनं त्याला जागा दिली.

"चालते म्हणजे? थ्याच्याचसाठी तं टीव्ही आमी ठेवून घेतला."