हरवतो तो वारा

आमच्या कबुतरवाल्यांचे किस्से म्हणजे गच्चीवरची पिसं. सकाळी झाडून काढावीत, संध्याकाळी पुन्हा तेवढीच! मी हसत सांगते म्हणून लोकांना विनोदी वाटतात. खरं सांगू? सगळे भीतीचे आहेत. रडत सांगितले तर तुम्ही चहा अर्धा टाकून उठाल.

मंडळी तीनच. माझा दादा, करी रोडच्या चाळीतला. सलीमभाई, भायखळ्याचे. आणि दामले काका, ठाकूरद्वारचे, बँकेतून रिटायर. तिघांच्या गच्चीवर ढाबळ, म्हणजे कबुतरांचं लाकडी घर. कबुतरं टेम्पोने वलसाडला नाहीतर सुरतेला नेऊन सोडायची. ती उडत आपापल्या ढाबळीत परत येतात. अंतर भागिले वेळ, ज्याचा वेग जास्त तो जिंकला. इतकं सोपं! आणि इतक्या सोप्या गोष्टीवर तिघांचं आजवर एकदाही एकमत झालेलं नाही.

आणि हो, हे आधीच सांगून टाकते. दादाची छाती खराब आहे. कबुतरांमुळेच. आमची सगळी भीती तिथे आहे, बाकीच्या गमती तिच्या आजूबाजूला.

* * *

हिशेब करायला तटस्थ माणूस हवा होता. मी दादरला एका क्लासमध्ये गणित शिकवते, पण पडले दादाची सख्खी बहीण. दामले काका कसे ऐकतील?

मीटिंग दादाच्या गच्चीवर. मी चहाचा ट्रे घेऊन वर पोचले आणि एक कबूतर फडफडत माझ्या कानाला वारा घालून गेलं. मी किंचाळले, ट्रे सोडला आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. कबुतराची भीती वाटते मला. लहानपणापासून. कबुतरवाल्याची बहीण असून! पंखांचा नुसता आवाज आला की मी कान झाकते.

काकांनी शर्टवरचा चहा पुसला आणि जाहीर केलं, "हिलाच नेमा! ही कुठल्याच पक्ष्याच्या बाजूने असू शकत नाही."

* * *

पहिलं काम, अंतर मोजणं. मी म्हटलं, प्रत्येकाने मोबाइलच्या नकाशावर आपल्या ढाबळीवर पिन टाका आणि ग्रुपवर पाठवा. कबुतरं येतात उत्तरेकडून. म्हणजे ढाबळ जितकी दक्षिणेला, तितकं अंतर जास्त आणि तितका वेग जास्त. हे गणित मी त्यांना समजावलं, हीच माझी चूक!

दादाची पिन रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्यावर. सलीमभाईंची भाजी मार्केटात. काकांची ढाबळ मला आधी नकाशावर सापडेच ना. मग लक्षात आलं, ती चौपाटीच्या पुढे समुद्रात होती.

मी फोन केला. "काका, तुमची कबुतरं पाण्यात राहतात?"

काका शांतपणे म्हणाले, "भरती होती गं तेव्हा."

* * *

मग वारा. दादरपर्यंत सगळी कबुतरं एका थव्यात येतात. तिथून दादाची करी रोडला उतरतात, सलीमभाईंची भायखळ्याला, आणि काकांची उरलेलं अंतर एकटी कापतात. वारा मागून असला की लांबवाल्याची चांदी. समोरून असला की जवळवाल्याची. समुद्राकडून आडवा आला की थवा शिवडीकडे ढकलला जातो आणि काकांचा मला फोन येतो.

त्यामुळे आमच्याकडे कुणाचं कबूतर कधी हरत नाही. हरवतो तो वारा!

एकदा तिघेही सांगायला लागले, आपल्याच गच्चीवर वारा उलटा होता. मी म्हटलं, पुरावा टाका. दादाने ग्रुपवर फोटो टाकला. दोरीवर वहिनीची हिरवी साडी, अशी आडवी उडालेली की जणू इस्त्री करून हवेत ठेवलीय. काकांनी उत्तरादाखल आपला पंचा टाकला, मलूल लोंबणारा. सलीमभाईंनी लिहिलं, "भाभी की साड़ी पे भरोसा है, पंचे पे नहीं."

वहिनी मूळची मालवणची. चिडली की तिची भाषा थेट गावी पोचते. तिने फोटो बघितला आणि मला म्हणाली, "लग्नाक इतकी वर्सां झाली. तुझ्या भावान माझ्या साडयेचो फोटो पयल्यांदा काढलो. तो पण आत मी नसताना!"

* * *

चाळीच्या उत्तरेला गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला. बाहेरून सगळी काच. बरोबर कबुतरांच्या वाटेत. दादा म्हणायला लागला, माझ्या पक्ष्यांना वळसा पडतो, मला दोन मिनिटांची सूट द्या. काका म्हणाले, "उद्या मी म्हणेन माझ्या पक्ष्यांना सिग्नल लागतो."

मी दादाची बहीण. सूट दिली तर पक्षपात, नाही दिली तर वहिनीकडे जेवायला कुठल्या तोंडाने जाणार? मी म्हटलं, सलीमभाईंनी येऊन बघावं.

ते आले. वलसाडची रेस होती. आम्ही गच्चीवर उभे. आधी दिसला तो ससाणा, टॉवरच्या कठड्यावर. "ह्या टॉवरचा पहिला रहिवासी," दादा म्हणाला. "पालिकेची ओसी मिळायच्या आधी राहायला आला!"

मग दादाची पाच कबुतरं दिसली. ससाणा नुसता उठला. पाचही घाबरून फुटली. काचेत त्यांना आकाशच दिसत असणार, दुसरं काय? चार टॉवरच्या बाजूने वळली. पाचवं सरळ गेलं.

आवाज फार मोठा नाही येत. कुणीतरी ओला टॉवेल आपटावा तेवढाच. पण मी कानांवर हात ठेवले ते बराच वेळ काढले नाहीत. दादा खोकत राहिला. वाकून, कठडा धरून, थांबतच नव्हता. सलीमभाई त्याच्या पाठीवर हात फिरवत मला म्हणाले, "बहन, दो मिनट लिख दे इसका." मग दादाकडे बघून हळूच, "और इसको डॉक्टर के पास ले जा."

* * *

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "घरात कबुतरं आहेत का?"

"घरात? छे!" दादा म्हणाला.

"घरात आम्ही आहोत, डॉक्टर," वहिनी म्हणाली. "ती वर आहेत. आमच्यापेक्षा मोठ्या जागेत!"

डॉक्टर हसले नाहीत. पिसांची आणि विष्ठेची धूळ छातीत बसलीय. आता गच्ची बंद. नाहीतर घरात ऑक्सिजनची नळी लावून बसायची वेळ येईल. "कुणालातरी देऊन टाका ती."

देऊन टाका! भायखळ्याला दिली तर देणारा जिना उतरायच्या आत ती परत गच्चीवर. सुरतेला दिली तरी परत. जन्मभर त्यांना शिकवलं काय मग?

बाहेर आल्यावर वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "एकदा तो वारोच तेंका घेऊन जांवदे गो." मी तिला गप्प केलं नाही. मलाही तेच वाटत होतं.

शेवटी तोडगा दादानेच काढला. तो वर जाणार नाही. दाणापाणी वहिनी करेल, नाकातोंडाला ओढणी बांधून. मार्चमध्ये सुरतेची शेवटची रेस, सगळीच्या सगळी पाठवायची. परत आली तर म्हातारी होईपर्यंत राहतील. नाही आली तर ढाबळ मोडायची.

* * *

रेसच्या रविवारी वहिनीने आंघोळ करून देवाकडे तोच वारा मागितला, ते मला माहीत आहे. मी तिच्या शेजारीच उभी होते.

सुरतेहून निरोप आला, पहाटे सोडली, वारा नाही. दहाच्या सुमाराला, कबुतरं पोचायच्या वेळेलाच, आमच्याकडे समुद्रावरून वारा सुटला. असा की टाकीचं झाकण उडून खालच्या चौकात. मी गच्चीवर, डोक्यावर छत्री, तीही उलटी झालेली. दादा गच्चीच्या दाराखालच्या शेवटच्या पायरीवर बसलेला, हातात डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप.

"आलं का गं?"

"नाही रे."

जेवणाची वेळ टळली. आमच्यात एक रीत आहे, रेसच्या दिवशी कुणी खरं सांगत नाही. कबूतर समोर बसलेलं असलं तरी फोनवर म्हणायचं, नाही आलं. त्या दिवशी सलीमभाईंचा फोन आला, "आया क्या?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मेरा भी नहीं. खुदा कसम." काकांचा आला. त्यांनी वाऱ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. "मुली, एखादं तरी दिसलं का गं? कुणाचंही चालेल."

काका असं बोलले तेव्हा मी फोन ठेवून कठड्याशी गेले.

"आलं का गं?" दादा विचारत होता. मी नाही म्हणत होते. उत्तरेला नुसती धूळ आणि टॉवरची काच. ससाणासुद्धा नव्हता. आणि मला, जिला पंखांचा आवाज सहन होत नाही तिला, कान देऊन ऐकावंसं वाटत होतं. काहीच ऐकू येत नव्हतं.

दिवेलागणीला दादाने विचारणं बंद केलं.

मी दारातून वाकून बघितलं. तो भिंतीला डोकं टेकून बसला होता. पंप पायरीवर पडलेला. छाती हलत होती, पण डोळे कशाकडेच बघत नव्हते. मी "दादा" म्हटलं. त्याने मान हलवली, बस्स. मी घाबरून खाली वहिनीला हाक मारली.

वहिनी पदराला हात पुसत आली. पंप उचलून त्याच्या मुठीत दिला, त्याची बोटं त्यावर मिटवली. मग त्याला ओलांडून वर आली. तोंडाला ओढणीसुद्धा बांधली नाही. रिकाम्या ढाबळीत वाकली आणि ज्वारीचा पत्र्याचा डबा काढला. तो खुळखुळवला की कबुतरं खाली उतरतात, रोज तीच वाजवते. कठड्याशी जाऊन, उत्तरेकडे तोंड करून, दोन्ही हातांनी तो डबा हलवायला लागली. जोरजोरात. समोरच्या टॉवरमधून लोक बघायला लागले.

मी नुसती उभी होते.

"बघतस काय?" ती मागे न बघता ओरडली. "काळोख पडलो! तेंका दिसतला कसा? मोबाइलचो टॉर्च लाव!"