नायक अजून तटावरच

ज्या माणसाने निम्म्या सातपुड्याला प्रेमात कसं पडावं आणि किल्ल्यावरून उडी कशी मारावी हे शिकवलं, त्याचं तोंड यंदा होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी, मोलगीत, अंधार पडल्यावर बंद करण्यात आलं. हा माणूस म्हणजे माझे फुवा, नंदुरबारच्या आत्याचे यजमान. घरचा माणूस म्हणून मी गप्प बसावं, असं काहींचं म्हणणं आहे. मी बसणार नाही.

बोलपट येऊन पंचविशी उलटली तरी फुवांकडे एकच चित्रपट होता, आणि तो मुका होता. घोडे, तलवारी, कपटी प्रधान, कोंडलेली राजकन्या, तटावर चढणारा शूर तरुण, सगळे नुसते ओठ हलवत. आणि पडद्याशेजारी पत्र्याच्या पेटीवर उभे राहून फुवा सगळ्यांचं बोलणं एकटे बोलत. खाली धानोऱ्यात अहिराणीत, वर डोंगरातल्या मोलगीत पावरी बोलीत. ही खोड घरीही सुटत नसे. जेवताना ते सेनापतीच्या आवाजात गर्जत, "भाजीमा मीठ कोठे शे?" आत्या चुलीपासून मान न वळवता म्हणे, "डबामा शे. उठा, ली ल्या." मग फुवा राजकन्येच्या बारीक आवाजात "मी अबला शे!" म्हणत, आणि आत्याला हसत हसत उठावंच लागे.

मोलगीने मात्र त्यांनाही नमवलं. पहिल्याच खेळात तरुणाने राजकन्येला घोड्यावर घेतलं, तशी पुढे बसलेली म्हातारी मंडळी उठून उभी राहिली. पंच कुठे आहेत? पंचांनी बसून लग्न ठरवल्याशिवाय हा मुलगी नेतो कसा? फुवांनी घाईघाईत पडद्यावरच्या दोन दाढीवाल्यांकडे बोट दाखवलं : हेच पंच! ते नेमके राजाच्या दुधात विष कालवणारे प्रधान निघाले. पुढे नायकाने त्या दोघांना भोसकलं तेव्हा दंगा व्हायचाच काय तो राहिला. मी म्हटलं, "फुवा, चूक सुधारा." तर म्हणाले, "काय सुधारू? पंच भी जहर घालतस कधी कधी."

या चित्रपटाचं शेवटचं रीळ फार पूर्वीच जळालं होतं. नायक तटावर लोंबकळतो, आत पुन्हा पकडून कोंडलेली राजकन्या, खाली भाले, आणि पडदा पांढरा. तिथून पुढची सुटका, लढाई आणि लग्न फुवा त्या कोऱ्या पडद्यासमोर तोंडाने लावून देत. लोक त्या शेवटासाठीच डोंगर उतरून येत.

यंदा जंगलखात्याचे कोणी एक साहेब खुर्ची टाकून बसले. पडद्यावरचा सेनापती फुवांच्या तोंडून गरजला, "कोंबडी कोणाची? लाकूड कोणाचं? दोन्ही सरकारजमा!" अख्खा बाजार साहेबांकडे बघून हसला, कारण आवाज हुबेहूब त्यांचा होता. साहेब उठले. "चित्राला परवाना आहे. भाषणाला आहे का? नाही ना? मग तोंड बंद!"

खेळ तसाच मुका चालला. नायक चढला, लोंबकळला, पडदा पांढरा झाला. माणसं बसूनच राहिली. एका बाईने ओरडून विचारलं, तो पडला की वाचला? पेटीवर उभ्या फुवांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

तेव्हापासून मोलगीहून जीपने उतरणारा प्रत्येक जण मला तेच विचारतो. मी फुवांना म्हणतो, निदान मला तरी सांगा. "परवाना नही, भो," म्हणतात आणि खाली मान घालून जेवतात. आत्या म्हणते, "घरमा मानूसच नही अशं वाटस."

वाचणाऱ्या भल्या माणसा, तुझी हळहळ तुझ्याजवळ ठेव. येत्या बाजारी फुवा पडदा लावणार आहेत, मुकाच. तू ये. साहेबांच्या खुर्चीला खेटून बस. पडदा पांढरा झाला की उभा राहा, आणि नायक तटावरून खाली कसा उतरला ते मोठ्याने तू सांग.