मावशीच्या माळेतली एक कवडी

माझ्या मावशीच्या माळेतली कवडी मी चोरली होती आणि व्हिनेगरमध्ये बुडवली होती.

मावशी आज पहाटे गेली, म्हणून हे सगळ्यांसमोर कबूल करतेय.

सुमनमावशी. आईची धाकटी बहीण. माहूरला गडाच्या पायथ्याशी तिचं हळदी-कुंकवाचं, बांगड्यांचं आणि कवड्यांच्या माळांचं दुकान. स्वतः रेणुकामायची आराधी, म्हणजे देवीची गाणी गात जोगवा मागणारी. गळ्यात सासूनं घातलेली कवड्यांची माळ, आणि तोंडात पान.

मी नांदेडला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिच्या माळेचा दोरा तुटला. डोळ्यांना सुई दिसेना, म्हणून तिनं ती माझ्याकडं ओवायला दिली.

त्याच आठवड्यात मला वर्गात समुद्राचं पाणी आम्लाकडं कसं सरकतंय ते दाखवायचं होतं. घरात शिंपला नव्हता. म्हटलं एवढ्या कवड्यांत एक गेली तर कुणाला कळतंय?

पोरं खूश. बीकरमध्ये बुडबुडेच बुडबुडे. दुसऱ्या दिवशी कवडीची चकाकी गेलेली, नुसती खडूसारखी पांढरीफटक.

मावशीनं माळ हातात घेतली, एकदा बोटांवरून फिरवली आणि विचारलं, "सासूबाईच्या माळेतली एक कवडी कुठाय?"

मी खरं सांगितलं.

"अगं माय! इतकी शिकलीस आन् देवीच्या माळेवर हात मारलास?"

पुढं दोन महिने अबोला. मी गेले की ती गिऱ्हाइकाशी बोलायची, माझ्याकडं पाठ.

मग एक दिवस तिनंच विषय काढला. "पण तू ती बुडवली कशाला? नीट सांग. खामखा तर बुडवली नसशील."

मी सांगितलं. गाड्यांचा, कारखान्यांचा धूर हवेत जातो. त्यातला बराच कार्बन डायऑक्साइड समुद्र पिऊन घेतो. त्यानं पाणी हळूहळू आंबटाकडं झुकतं. शिंपले, पोवळी, कवड्या यांना आपलं कवच बांधायला जो चुना लागतो, तो जमवणं त्यांना अवघड होत जातं.

"खोटं. मी रामेश्वरला तीर्थ म्हणून पिलेय. खारट हाय पाणी. आंबट बिलकुल न्हाई."

"तुझ्या जिभेला नाही कळणार मावशी. समुद्र काही व्हिनेगर होणार नाही. पण कवचातल्या कोवळ्या पिल्लाला थोडा बदलही सोसत नाही."

ती पान चघळायची थांबली.

"कवडीत जीव असतो?"

जन्मभर कवड्या विकलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं. खरं तर मलाही पुस्तकात वाचेपर्यंत कुठं ठाऊक होतं? आपल्याकडं कवडी पोत्यातून येते.

"म्हंजे मी कुणाचं तरी घर इकून राहिले व्हते," ती म्हणाली.

महिन्याभरात तिच्या मुलाचा, शिवाचा फोन. "ताई, आईला काय शिकवलंस? नव्या माळा इकत न्हाई. जुनी आणा, ओवून देते म्हणती. गिऱ्हाईक परत लावून राहिली."

मी घाबरून माहूर गाठलं. तिला समजावलं, की तू विकणं बंद केलंस म्हणून समुद्राचं पाणी सुधारणार नाही. हे दुखणं वेगळं आहे.

"मग काय केल्यानं सुधरंल?"

मी माझ्या गाडीला टेकून उभी होते. गाडी आतून गार राहावी म्हणून एसीसाठी इंजिन चालूच ठेवलं होतं.

तिनं गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला.

लाज वाटली. आजही वाटते. मी हा धडा दरवर्षी शिकवते, पेपर तपासते, आणि घरी येऊन निवांत जेवते. मावशीनं एकदाच ऐकला आणि तिची झोप उडाली. नंतर प्रत्येक फोनवर आधी तोच प्रश्न, "समुद्राचं काय म्हनतंय?" जणू दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची चौकशी.

मी म्हणायचे, "ठीक आहे." खोटं बोलायचे.

गेल्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली. भेटायला गेले, तर माळ काढून माझ्या हातात द्यायला लागली.

"तू घे."

"मावशी, मला कुठं जमतंय देवाचं सगळं?"

"देवाचं मी बघते. तू पोरांला दाखव. बुडवू मात्र नको."

दोघी हसलो. मी माळ परत तिच्या गळ्यात घातली. म्हटलं, "पुढच्या खेपेला नेते. घाई काय आहे?"

आज पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. माळ घ्यायला घरातलं कुणी तयार नसेल तर ती देवीच्या पायाशी ठेवायची, ही त्यांच्या घरची रीत. शिवाला सुतक, म्हणून त्यानं ती शेजाऱ्याच्या हातून गडावर पाठवली होती.

त्याची बायको हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही तवा हाव म्हणला असता तर ठिवली असती की."



वर्गात मी पोरांना सांगते, अजून वेळ आहे, आत्ता हातपाय हलवले तर बरंच वाचेल. ते खरंच आहे. पण वेळ आहे असं समजून माणूस किती निवांत बसतो, ते आज माझं मला कळलं.

मावशी, तुला खोटं सांगत होते. समुद्र ठीक नाही.

मला माफ कर. रेणुकामाय तुला पदराखाली घेवो.